युद्धानंतरचे पर्व



महाभारतातील युद्ध अठरा दिवसांत आटोपले. भीष्म शरपंजरी पडले, द्रोण गेले, कर्णाच्या रथाचे चाक भूमीने गिळले आणि अखेरीस गदायुद्धात दुर्योधनाची मांडी भंगली. आमच्या लहानपणी वाळवंटीच्या काठच्या देवळात चातुर्मासाचे निरूपण येथवर आले की आम्ही मुले एकतर झोपी जात असू किंवा प्रसादाकडे डोळे लावून बसत असू. कारण आमच्या लेखी गोष्ट संपलेली असे. बुवा मात्र पोथी मिटत नसत. त्यांच्यापुढे अद्याप नऊ पर्वे शिल्लक असत. अठरांपैकी नऊ! त्यांतले सौप्तिक म्हणजे युद्धाचीच शेवटची काळरात्र असे धरले, तरी उरलेली आठ पर्वे ही युद्ध संपल्यानंतरची आहेत, आणि त्यांतील शांतिपर्व हे सगळ्या महाभारतात विस्ताराने सर्वांत मोठे आहे. ज्याला आपण युद्धाचा ग्रंथ म्हणतो त्या ग्रंथात व्यासांनी एवढी जागा युद्धानंतरच्या दिवसांना कशासाठी दिली असावी, हा प्रश्न मला कैक वर्षे पडला नाही. तो मला एका निवृत्त सैनिकाच्या पत्नीने घातला. आजच्या निरूपणास तोच विषय घेतला आहे.

घडले ते असे. आपल्या तालुक्यातील एक हवालदार सेवानिवृत्त होऊन घरी आले. ओळख पटू नये म्हणून वाडा व पलटण सांगत नाही. गृहस्थ शांत, मितभाषी. मंडपात शेवटच्या खांबाशी, दरवाजा दिसेल अशा बेताने बसत. एके दिवशी त्यांची पत्नी मला म्हणाली, "बुवा, यांना रात्री झोप नाही. नरकासुराच्या रात्री फटाके सुरू झाले तेव्हा माजघरात भिंतीला पाठ लावून पहाटेपर्यंत बसून राहिले. मुलांवर ओरडतात, मग स्वतःच रडतात. तुम्ही चार शब्द सांगा, तुमचे ऐकतील." मी सांगितले. दुसऱ्याच दिवशीच्या प्रवचनात, त्यांच्याकडे पाहत, मी कुरुक्षेत्रावर हातपाय गळालेल्या अर्जुनास भगवंतांनी केलेली निर्भर्त्सना मोठ्या आवेशाने सांगितली. हृदयदौर्बल्य वीरास शोभत नाही, हे सांगताना माझा आवाज चढला होता, आणि मला वाटते मी स्वतःवर थोडा खूषही होतो. ते गृहस्थ उठले, पायांत चपला घातल्या व निघून गेले. पुन्हा मंडपात आले नाहीत.

चार दिवसांनी ती माउली आली. रागावली नव्हती. तिने एवढेच विचारले, "बुवा, कृष्णाने अर्जुनाला रागे भरले हे खरे, पण रागे भरून तो रथावरून उतरून घरी गेला का?"

मी निरुत्तर झालो. भगवंतांची ती निर्भर्त्सना दुसऱ्या अध्यायाच्या अगदी आरंभी आहे, आणि गीता अठराव्या अध्यायापर्यंत चालते. अर्जुनाने आपली अवस्था पहिल्या अध्यायात किती प्रांजळपणे सांगितली आहे पाहा: तोंड कोरडे पडते, अंगास कंप सुटतो, त्वचेचा दाह होतो, उभे राहवत नाही, मन भ्रमते, हातातले धनुष्य निसटते. आजचा वैद्य याला लक्षणे म्हणेल. अशा माणसास एक वाक्य ऐकवून उठून जाण्याचे काम मी केले होते; त्याच्या शेजारी बसून त्याच्या एकेका शंकेस उत्तर देत राहण्याचे काम भगवंतांनी केले. शिवाय अर्जुनाचा विषाद हा युद्धापूर्वीचा. ज्याचे युद्ध होऊन गेले आहे त्याला अर्जुनाचे औषध द्यावे, येथेच माझी पहिली चूक झाली होती. त्याच्यासाठी व्यासांनी दुसरा रोगी उभा केला आहे, तो युधिष्ठिर.

शांतिपर्वाचा आरंभ पाहावा. युद्ध जिंकलेले पांडव थेट हस्तिनापुरात शिरत नाहीत. आप्तांना तिलांजली देऊन ते एक महिनाभर नगराबाहेर गंगेच्या काठी राहतात. अशौचाचा तो काळ. परंतु त्या महिनाभरात नारदादी ऋषी, ब्राह्मण, स्नेही त्यांच्याकडे येत राहतात, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. रणातून घरात येण्यापूर्वी मध्ये एक काठ होता, आणि त्या काठावर माणसे भेटावयास येत होती. आजच्या सैनिकास तो काठ नाही. सकाळी श्रीनगराहून निघालेला जवान रात्री पेडण्याच्या मोपा विमानतळावर उतरतो आणि जेवावयास घरी पोहोचतो. शरीर एका दिवसात येते. मन मागाहून, पायी, कधी कधी कित्येक वर्षांनी येते.

आता युधिष्ठिर काय म्हणतो? हा विजय मला पराजयासारखा वाटतो, असे तो म्हणतो. राज्य नको, वनात जातो, असे म्हणतो. सर्वांत मोठा घाव कर्णाचा आहे. तो आपला सख्खा वडील भाऊ होता हे कुंतीने तिलांजलीच्या वेळी, म्हणजे सारे होऊन गेल्यावर सांगितले. त्यात अभिमन्यूचे मरण, आणि द्रोणाचार्यांशी स्वतः उच्चारलेले ते अर्धसत्य. येथे थोडे थांबावे. युधिष्ठिराला आठवते ते केवळ आपण काय भोगले हे नाही. आपल्या हातून काय घडले, किंवा आपल्या डोळ्यांदेखत काय घडले व आपण ते थांबवू शकलो नाही, हे त्यास जाळते. पुष्कळ सैनिकांच्या मौनात हीच गोष्ट असते, आणि म्हणूनच "तुम्ही तर देशाचे वीर" असे आपण म्हटले की ते अधिकच गप्प होतात. आपल्या स्तुतीने त्यांचे दार बंद होते. अखेर युधिष्ठिर म्हणतो की मी येथेच अन्नपाणी सोडून हा देह वाळवून टाकीन. धर्मराजाच्या तोंडून प्राणत्यागाची भाषा! व्यास ती ऐकून घेतात, पण तिला त्याचे वैराग्य समजण्याची चूक करीत नाहीत. ते त्याला अडवतात. घरातल्या माणसाने जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला तर "असेच बोलतो तो" म्हणून सोडून देऊ नये, हे मी याच अध्यायावरून सांगेन.

त्याच्याभोवती जमलेली माणसे काही सारखी शहाणी नाहीत, आणि मला व्यासांचे हेच मोठेपण वाटते. अर्जुन चिडतो. भीम टोचून बोलतो. मात्र तोच भीम एक विलक्षण गोष्ट सांगून जातो की व्याधी दोन प्रकारची असते, शरीराची आणि मनाची, आणि एकीतून दुसरी उत्पन्न होते. आता तुला जे युद्ध करावयाचे आहे ते बाणांचे नव्हे, तुझ्या मनाशी आहे, असेही तो म्हणतो. द्रौपदी तर संतापाच्या भरात म्हणते की मार्ग सोडून भरकटलेल्या मनावर वैद्यांकडून उपचार करावेत. धूप, अंजन, नस्य अशी त्या काळची औषधे ती नावानिशी सांगते. मनाच्या विकारास औषध असते ही कल्पना परकी नाही आणि आधुनिकही नाही. ती आपल्या पोथीत, तीही एका पत्नीच्या तोंडी आहे. देवाचे करतो म्हणून डॉक्टरकडे नेत नाही, असे म्हणणाऱ्यांनी शांतिपर्वाचे पहिले तीस अध्याय वाचून पाहावेत.

यापुढे भीष्मांचा उपदेश. शरपंजरी पडलेल्या, स्वतः जखमी असलेल्या वृद्ध योद्ध्याकडे श्रीकृष्ण युधिष्ठिरास घेऊन जातात. ऋषी पुष्कळ होते. पण ज्याने रण पाहिले त्याचेच बोलणे रण पाहिलेल्याला लागते, हे भगवंतांनी जाणले असावे. जुन्या सैनिकांनी नव्याने निवृत्त झालेल्यांच्या घरी जावे असे मी म्हणतो ते यास्तव.

आणि एवढा उपदेश झाल्यावर? शांतिपर्व झाले, अनुशासनपर्व झाले, भीष्मांनी देह ठेवला. आणि अश्वमेधिक पर्वाच्या पहिल्याच अध्यायात युधिष्ठिर गंगेच्या काठावर पुन्हा कोसळतो, व्याधाच्या बाणाने विद्ध झालेल्या हत्तीसारखा. भीम त्यास सावरतो. व्यासांनाही क्षणभर वैताग येतो. इतके सांगूनही तुझी समजूत पटत नाही, असे ते म्हणतात. तरी ते उठून जात नाहीत. ते त्यास कामास लावतात. ज्या घरांत असा माणूस आहे त्या घरांतील मंडळींनी हा प्रसंग मनात धरावा. सहा महिने बरे गेले, मग एके रात्री पुन्हा तेच सुरू झाले, म्हणजे औषध फुकट गेले, देव कोपला, असे काही नाही. धर्मराजाचेही तसेच झाले होते.

याउलट अश्वत्थामा पाहा. शेवटच्या रात्री कृप व कृतवर्मा वडाखाली झोपी गेले. अश्वत्थाम्यास झोप आली नाही. त्या जागरणात त्याने घुबडाला झोपलेल्या कावळ्यांचा घात करताना पाहिले आणि पुढे जे केले ते सर्वश्रुत आहे. त्याचे पाप मी सौम्य करू इच्छीत नाही. पण त्याला मिळालेली शिक्षा कोणती? तीन सहस्र वर्षे एकट्याने भटकणे. बोलावयास कोणी नाही, संगतीस कोणी नाही. लोकांच्या समजुतीत तो आजही जखमेसाठी तेल मागत हिंडतो. शास्त्रकारांना माणसासाठी याहून घोर दंड सुचला नाही. जो दंड त्यांनी महापातक्यास दिला, तोच आपण नकळत निरपराध माणसास देतो: त्याच्या घरावरून जाताना चाल वाढवतो, लग्नाच्या पंगतीत त्याच्या शेजारचा पाट रिकामा ठेवतो, त्याच्या मुलीच्या सोयरिकीत "बाप जरा तसाच आहे" अशी कुजबुज करतो.

आता आपल्या प्रदेशाकडे येऊ. आपला तालुका सातारा जिल्ह्यासारखा घरटी सैनिक देणारा नाही हे खरे. तेथील अपशिंगे गावाला लोक "मिलिटरी" अपशिंगे म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. परंतु चोर्ला घाट चढून गेले की बेळगाव आहे, आणि बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचे माहेर. दोडामार्ग, सावंतवाडी, पेडणे, सत्तरी येथील मुले तेथूनच निघाली. याच मराठा पलटणी १९१५–१६ साली इराकात कुत येथे १४७ दिवसांच्या वेढ्यात अन्नावाचून झिजल्या व नंतर कैदेत गेल्या. त्यांतून जगून परतलेल्यांच्या रात्री कशा गेल्या असतील? त्यांच्या पदकांची नोंद सापडते. रात्रींची कोणी ठेवली नाही. त्याच युद्धात "शेल शॉक" हा शब्द निघाला. तोफांच्या भडिमाराने बधिर झालेल्या शिपायांस आरंभी कित्येकदा भ्याड ठरवले गेले. ब्रिटिश सैन्यात पळपुटेपणा, भ्याडपणा अशा कारणांवरून गोळ्या घातलेल्या ३०६ जणांना २००६ साली कायद्याने क्षमा देण्यात आली. नव्वद वर्षांनी! अमेरिकेतील वैद्यांनी या विकारास रीतसर नाव दिले ते १९८० साली, व्हिएतनामहून परतलेल्यांची दशा पाहून. थोडक्यात, जी चूक मी मंडपात केली ती मोठमोठ्या सेनापतींनीही केली होती. यात मला समाधान मात्र वाटत नाही.

येथे एक खुलासा केला पाहिजे. प्रत्येक निवृत्त सैनिक मनाने जखमी असतो असा समज करून घेणे हाही अन्यायच. बहुतेक जण परत येतात, नोकरी धरतात, कुळागर सांभाळतात, ग्रामसभेत चार शब्द नेमके बोलतात. ज्यांना त्रास होतो त्यांनाही तो नेहमी रणामुळेच होतो असे नाही. जवान पस्तिशी-चाळिशीतच निवृत्त होतो. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत तर सेवाच चार वर्षांची आहे. ज्याच्या दिवसाला पहाटेच्या बिगुलापासून रात्रीच्या हजेरीपर्यंत आकार होता, त्याला एकाएकी बिनआकाराचा दिवस मिळतो. घरीही बँक, शाळा, सासूसासऱ्यांची औषधे, भाताची कापणी हे सारे पत्नीने पंधरा वर्षे एकटीने चालवलेले असते. तो येतो आणि त्याला आपल्याच घरात बसावयाची जागा सापडत नाही. तिलाही ती कशी करून द्यावी ते कळत नाही. मुले पावलांच्या आवाजावरून बापाची मनःस्थिती ओळखू लागतात. तेव्हा आपण सैनिकाची विचारपूस करतो त्या वेळी तिचीही करावी. स्त्रीपर्व व्यासांनी वेगळे लिहिले ते उगाच नाही. आपण मात्र वर्षातून दोनदा, झेंडावंदनास, त्याला नारळ व शाल देतो आणि तिला टाळ्या वाजवणाऱ्यांत बसवतो.

त्यात बाटली. कॅण्टीनची असो वा गावची फेणी असो, झोप यावी म्हणून सुरू होते आणि झोपेलाच खाते. व्यसनी म्हणून नाव ठेवण्यापूर्वी, हा माणूस कशावरचे औषध म्हणून हे पीत आहे, एवढे विचारावे.

आपली साखळी या बाबतीत इतर गावांहून निराळी आहे. येथील दत्तमंदिरात मनाचे स्वास्थ्य हरपलेल्यांना आणण्याची रीत जुनी, आणि श्रद्धेने येणारी माणसे लांबलांबची आहेत. ही श्रद्धा हसण्यावारी नेण्याजोगी नाही. पहाटेचे स्नान, ठरलेल्या वेळेची आरती, पाखरांच्या आवाजातले कुळागर, आणि आपल्याकडे रोखून न पाहणारी चार माणसे: अस्वस्थ जिवाला याने उतार पडतो यात नवल नाही. पण दत्तमहाराजांनी वैद्याकडे जाऊ नका असे कोणास सांगितल्याचे माझ्या ऐकिवात नाही. प्रदक्षिणा घालावी आणि गोळीही वेळेवर घ्यावी. रुग्णास साखळदंडाने बांधून ठेवणे हे तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने निषिद्ध आहे. तसे कोठे दिसल्यास गप्प बसू नये.

मदत कोठे मिळते, तेही सांगतो. निरूपणात असले तपशील कोणी देत नाही, पण आज देणे भाग आहे. केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहीत, रात्रीबेरात्री लावता येतो, मराठीत बोलता येते. सैन्यदलांतील मंडळी व त्यांची कुटुंबे यांच्यासाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात तिचा स्वतंत्र कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये उघडला. बांबोळीस मानसोपचाराची सरकारी संस्था आहे. माजी सैनिकांच्या अंशदायी आरोग्य योजनेत, जिला सगळे ईसीएचएस म्हणतात, पत्नीचाही समावेश आहे. कार्ड कपाटात ठेवण्यासाठी नसते. आणि आपल्या गोव्याने जगास दाखवून दिलेली एक गोष्ट: १९९६ साली येथे स्थापन झालेल्या "संगत" या संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून तयार केले, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्यांनी काही भेटींत केवळ नेटक्या बोलण्याने उदासीनता व दारूचे व्यसन यांनी ग्रासलेल्यांना साहाय्य केले. त्याचे निष्कर्ष २०१७ साली "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकात आले. सामान्य माणूस नीट ऐकावयास शिकला तर केवढे काम होते, याचा हा आपल्या अंगणातला दाखला.

महाजनांपुढे मी दोन विनंत्या ठेवल्या आहेत व त्यांनी त्या मान्य केल्या. जत्रेच्या दारूकामाची वेळ आदल्या दिवशी घरोघरी कळवावी, म्हणजे ज्यांना तो आवाज सोसत नाही त्यांना सावध राहता येईल. आणि मंडपातील शेवटच्या खांबाजवळची, दरवाजा दिसणारी जागा कोणी मागितली तर कारण न विचारता द्यावी.

आश्रमवासिक पर्वात एक रात्र आहे. युद्धास बरीच वर्षे लोटली आहेत, धृतराष्ट्र व गांधारी वनात राहत आहेत, पांडव त्यांना भेटावयास गेले आहेत. आणि तरीही कोणाचे दुःख शमलेले नाही. तेव्हा व्यास गंगेच्या पाण्यातून मृत वीरांना एका रात्रीपुरते वर आणतात. आई मुलाला भेटते, पत्नी पतीला, आणि पांडव कर्णाला. वैर कोणाच्याच मनात उरलेले नसते. पहाटे ते सारे पाण्यात परत जातात. व्यासांनी कोणास "आता विसरा" असे म्हटले नाही. गेलेल्यांना एकदा डोळे भरून पाहू दिले.

ते हवालदार अजून प्रवचनास येत नाहीत, आणि मी बोलावलेले नाही. बांबोळीच्या डॉक्टरांचे औषध चालू आहे. पत्नी म्हणते, झोप थोडी लागते. मी गुरुवारी दुपारी त्यांच्या कुळागरात जातो. पोफळींना लागलेली कोळेरोग, बंधाऱ्याचे पाणी, असेच काहीबाही बोलतो. गेल्या महिन्यात त्यांनी पहिल्यांदाच एका सोबत्याचे नाव घेतले, त्याचे गाव सांगितले, आणि थांबले. मी पुढे काही विचारले नाही. पाणी दुसऱ्या पाटात वळवायचे होते, ते आम्ही दोघांनी मिळून वळवले.